नळाचा वायसर आणि दहा वॅट : घरी बांधलेल्या रेडिओची डागडुजी

हिंगोली, विशेष प्रतिनिधी

दि. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी हिंगोली जिल्ह्याची जमीन हादरली. रिश्टर मापनावर तीव्रता ४.५ एवढी नोंदली गेली. लोक अंगणात येऊन सावरतात न सावरतात तोच, अवघ्या दहा-अकरा मिनिटांनी ३.६ तीव्रतेचा दुसरा धक्का बसला. त्याच वर्षी १० जुलैच्या सकाळी पुन्हा ४.५ तीव्रतेचा हादरा आला आणि या वेळी त्याचे केंद्र कळमनुरी तालुक्यात असल्याचे सांगण्यात आले. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे परिसरातील ग्रामस्थांना तर जमिनीतून येणारे गूढ आवाज गेली काही वर्षे परिचयाचे झाले आहेत.

मराठवाड्यात जमीन हलली की किल्लारीची आठवण निघतेच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबादच्या सीमेवर जवळपास दहा हजार माणसे मातीखाली गेली. त्या दिवसांत भूकंपग्रस्त भागातून बाहेरच्या जगाशी संपर्क राखण्याच्या कामी हौशी रेडिओचालक, म्हणजेच ‘हॅम’, आपले संच घेऊन उतरले होते. आज प्रत्येकाच्या खिशात भ्रमणध्वनी आहे. परंतु धक्का बसताच सारा जिल्हा एकाच क्षणी फोन हाती घेतो आणि मनोऱ्याची क्षमता मर्यादित असते. वीज गेली तर मनोऱ्याची बॅटरीही काही तासांचीच सोबतीण. अशा वेळी कोणत्याही मनोऱ्याविना, मोटारसायकलच्या बॅटरीवर तीनशे किलोमीटर बोलू शकणारे यंत्र जिल्ह्यात कोणाकडे आहे, आणि असल्यास ते चालू स्थितीत आहे काय, हा प्रश्न निव्वळ छंदाचा राहत नाही.

हे यंत्र विकत मिळते. मात्र परदेशी बनावटीच्या तयार संचाची किंमत मध्यमवर्गीय घरास झेपणारी नाही. म्हणूनच हौशी मंडळी ते घरी बांधतात, बांधलेले मोडतात आणि सुधारून पुन्हा जोडतात. या उद्योगाचे भारतातील सर्वांत ठळक उदाहरण हिंगोलीपासून फार दूर नाही. ते हैदराबादेत आहे.

जुन्या शेजाऱ्याची देणगी

निजामाच्या काळात हिंगोलीचा कारभार ज्या शहरातून चालत असे, त्याच हैदराबादेतील अश्हर फरहान या संगणकतज्ज्ञाने २००३-०४ च्या सुमारास ‘बिटएक्स’ नावाच्या एका ट्रान्सीव्हरचा आराखडा सर्वांसाठी खुला केला. ट्रान्सीव्हर म्हणजे संदेश पाठविणारा आणि ग्रहण करणारा, असे दोन्ही भाग एकाच पेटीत असलेला संच. व्हीयू२ईएसई या संकेतनामाने हॅम जगतास परिचित असलेले फरहान हैदराबादच्या ‘लामकान’ या खुल्या सांस्कृतिक केंद्राच्या संस्थापकांपैकीही एक आहेत. खुलेपणाचा हा सोस दोन्हीकडे सारखाच दिसतो.

आराखड्यातील चतुराई साध्या वस्तूंत होती. रेडिओच्या गुंडाळ्यांसाठी लागणारे खास चुंबकीय कडे भारतात सहजी मिळत नसे. फरहान यांनी गुंडाळी चक्क नळाला लागणाऱ्या वायसरवर घेतली. रोहित्रांसाठी टीव्हीच्या अँटेनात वापरला जाणारा बलून-गाभा घेतला. ट्रान्झिस्टर म्हणाल तर कोणत्याही दुरुस्तीच्या दुकानात मिळणारे बीसी ५४७, ध्वनिवर्धनासाठी एलएम ३८६ ही चिप, आणि अखेरच्या शक्तिवर्धनासाठी आयआरएफ ५१०. हा शेवटचा घटक रेडिओसाठी बनलेलाच नाही. वीजपुरवठ्याच्या मंडलांत वेगाने चालू-बंद होण्यासाठी तो बनविला गेला. परंतु स्वस्त आणि दणकट असल्याने हौशी मंडळींनी त्यास लहरींच्या कामाला जुंपले.

याहून महत्त्वाची युक्ती मंडलाच्या रचनेत होती. नेहमीच्या संचात ऐकण्यासाठी एक आणि बोलण्यासाठी दुसरी अशी वर्धकांची स्वतंत्र साखळी असते. फरहान यांनी दोन्ही दिशांनी चालणारे वर्धक योजले. ऐकताना संकेत अँटेनाकडून कर्ण्याकडे जातो, बोलताना तोच रस्ता मायक्रोफोनकडून अँटेनाकडे वापरला जातो. गावाकडच्या एकेरी पुलावरून आधी इकडची, मग तिकडची वाहने सोडावीत, तसे हे आहे. सुटे भाग निम्म्यावर येतात आणि चुकाही तितक्याच कमी होतात.

पुढे डिसेंबर २०१६ मध्ये ७ मेगाहर्ट्झवर सुमारे सात वॅट शक्तीने चालणारी ‘बिटएक्स-४०’ ही तयार पाटी आणि डिसेंबर २०१७ मध्ये ३ ते ३० मेगाहर्ट्झ व्यापणारी दहा वॅटची ‘मायक्रोबिटएक्स’ आली. या पाट्यांच्या गुंडाळ्या हैदराबादेतील महिलांच्या एका गटाने हाताने गुंडाळल्या आणि त्या जगभर पोहोचल्या. जगभर पोहोचल्या म्हणजे जगभरच्या चिकित्सक नजरेखालीही आल्या. खरी गोष्ट तेथून पुढे सुरू होते.

उन्हाळा आणि सरकणारा सूर

पहिल्या पिढीच्या घरगुती संचाचे दुखणे म्हणजे त्याचा सूर सरकतो. हौशी मंडळी बोलण्यासाठी ‘एकपार्श्व’ पद्धत वापरतात. आकाशवाणीच्या मध्यम लहरींवर आवाजासोबत एक वाहक लहर अखंड जात असते आणि बहुतेक शक्ती तीच खाते. एकपार्श्व पद्धतीत वाहक लहर आणि आवाजाची एक जुळी बाजू कापून टाकतात. त्यामुळे सात वॅटमध्येही शेकडो किलोमीटर गाठता येतात. परंतु कापलेली वाहक लहर ऐकणाऱ्याच्या संचाने स्वतः निर्माण करावी लागते, आणि ती नेमक्या जागी बसावी लागते. सत्तर लाखांवर कंपनांच्या हिशेबात शंभराचा फरक पडला तरी भारदस्त आवाजाचा गृहस्थ बदकासारखा बोलू लागतो.

जुन्या बिटएक्समध्ये हे नेमकेपण तांब्याच्या तारेच्या गुंडाळीवर आणि धारित्रावर अवलंबून होते. तापमान वाढले की तार प्रसरण पावते, धारित्राचे मूल्य बदलते आणि कंपनसंख्या वाहवते. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या छताखाली बसून बोलणाऱ्यास याचा प्रत्यय दर पाच मिनिटांनी येतो. त्यावरील पहिले उपाय घरगुतीच : गुंडाळी घट्ट ओढून नेलपॉलिशने जागीच पक्की करणे, तापमानाला दाद न देणाऱ्या प्रकारचे धारित्र लावणे, दोलकाचा भाग धातूच्या डबीत बंद करून त्यास वाऱ्याच्या झोतापासून व शक्तिवर्धकाच्या उष्णतेपासून दूर ठेवणे आणि संच सुरू करून पंधरा-वीस मिनिटे शांतपणे चहा घेणे. शेवटचा उपाय सर्वांत स्वस्त आहे आणि बहुतेक जण तोच करीत आले.

कायमचा तोडगा मात्र संगणकीय भागाने दिला. एसआय ५३५१ नावाची इवलीशी चिप एका स्फटिकाच्या आधाराने हवी ती कंपनसंख्या तयार करते आणि आर्डुइनो नॅनो ही तेवढीच लहान पाटी तिला आज्ञा देते. बिटएक्स-४० सोबत ‘राडुइनो’ या नावाने ही जोडी येऊ लागली आणि सूर सरकण्याची तक्रार जवळजवळ संपली. आज्ञावली खुली असल्याने ज्याला लोखंडी डागणी हाती धरण्याचा कंटाळा, पण संगणकाची गोडी, अशा नव्या पिढीसही सुधारणेचे दार उघडले. कोणी त्यात स्मरणकप्पे घातले, कोणी मोर्स कळफलकाची सोय केली. अर्थात दुखणे गेले तरी औषधाचे दुष्परिणाम उरतातच. ही चिप चौकोनी लहरी काढते, आणि चौकोनी लहरीच्या पोटात अनेक उपलहरी दडलेल्या असतात. नीट आच्छादन नसेल तर ऐकताना मधूनच शिट्ट्या वाजतात.

ऐकण्याच्या बाजूस आणखी एक उणीव होती. मूळ आराखड्यात आवाज आपोआप सम राखणारी सोय नव्हती. दूरचे क्षीण केंद्र ऐकण्यासाठी आवाज वाढवावा आणि तेवढ्यात जवळच्या कोणी बोलायला सुरुवात करावी, म्हणजे कानठळ्या बसल्याच समजा. कर्ण्याकडे जाणाऱ्या संकेताचा थोडा अंश घेऊन, त्याचे एकदिश विजेत रूपांतर करून, त्यायोगे एका लहान ट्रान्झिस्टरकरवी वाट अरुंद करणारे मंडल अनेकांनी जोडले. सात-आठ सुट्या भागांचे हे काम आहे. नवशिक्याने पहिली सुधारणा करायची तर हीच करावी, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे मत आहे. बिघडली तरी संच जळत नाही.

शक्तीचा मोह

बहुतेकांना मात्र पहिल्याच दिवशी शक्ती वाढवावीशी वाटते. बिटएक्स-४० मध्ये अखेरच्या वर्धकास वेगळा वीजपुरवठा देण्याची सोय होती. बारा व्होल्टऐवजी चोवीस दिले की सात वॅटचे वीसच्या आसपास होतात. गणित सोपे आहे, फळ मात्र गणिताएवढे गोड नाही. सातावरून वीस वॅट म्हणजे साडेचार डेसिबलची वाढ. रेडिओच्या काट्यावर एक घर सरकण्यास सहा डेसिबल लागतात. म्हणजे तिप्पट शक्ती देऊनही पलीकडच्या माणसाचा काटा पूर्ण एक घरही हलत नाही!

उलट उष्णता वाढते. आयआरएफ ५१० ची धातूची पाठ त्याच्या एका विद्युत टोकाला जोडलेली असते. ती उष्णता शोषणाऱ्या ॲल्युमिनियमवर थेट बसविली आणि तोच ॲल्युमिनियम डब्याला टेकला, तर विजेला आडवाट मिळते. मधे अभ्रकाची चकती आणि उष्णतावाहक लेप हवाच. दुसरी हमखास चूक म्हणजे स्थिर प्रवाह ठरविणारा लहानसा प्रीसेट. तो शून्यापासून हळूहळू, मीटरवर नजर ठेवून फिरवायचा असतो. मायक्रोबिटएक्समधील दोहोंपैकी प्रत्येक आयआरएफला सुमारे शंभर मिलिअँपिअर पुरतात. घाईने फिरविणाऱ्याचा वर्धक धुराच्या एका लहानशा रेषेनिशी निरोप घेतो. चाळीस-पन्नास रुपयांचा धडा म्हणून हौशी मंडळी ते हसून सांगतात खरे. परंतु हा सुटा भाग गावात मिळाला नाही तर पुण्याचे बुधवार पेठ, मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा हैदराबादच्या कोठीतील गुजराती गल्ली गाठावी लागते, हे हिंगोलीकराच्या हसण्यात थोडे कमी असते.

आपला आवाज दुसऱ्याच्या घरात

सूर सरकला तर आपलीच फजिती होते. वर्धक जळला तर आपलाच खिसा. परंतु प्रक्षेपण अशुद्ध असेल तर त्रास तिसऱ्याला होतो, आणि त्यालाच कायदा आक्षेप घेतो. या एका बाबतीत मायक्रोबिटएक्सचा इतिहास तपशिलाने सांगण्याजोगा आहे.

कोणताही प्रक्षेपक मूळ कंपनसंख्येबरोबर तिच्या दुप्पट, तिप्पट कंपनांच्या लहरीही काढतो. त्यांना हार्मोनिक म्हणतात. ७.१ मेगाहर्ट्झवर बोलणाऱ्याच्या अशा लहरी १४.२ आणि २१.३ वर पडतात. योगायोगाने या जागाही हॅमच्याच आहेत, म्हणजे भांडण घरातल्या घरात राहते. परंतु १०.१ वर बोलणाऱ्याची दुप्पट २०.२ वर, तिप्पट ३०.३ वर जाते, आणि तेथे दुसऱ्या कोणाची सेवा चालू असू शकते. या लहरी अडविण्यासाठी अँटेनाच्या आधी गाळणी बसवितात. अमेरिकेच्या नियमानुसार अशी भटकी लहर मूळ लहरीच्या किमान ४३ डेसिबल खाली, म्हणजे सुमारे वीस हजाराव्या हिश्शाएवढी क्षीण असावी लागते. दहा वॅटच्या संचात अर्धा मिलिवॅट.

मायक्रोबिटएक्सच्या सुरुवातीच्या पाट्यांत गाळण्या होत्या, आणि कागदावर त्या उत्तम होत्या. निरनिराळ्या पट्ट्यांसाठी वेगवेगळी गाळणी रिलेद्वारे निवडली जाई. ज्यांच्याकडे मोजमापाची साधने होती अशा काही मालकांनी प्रक्षेपण तपासले, तेव्हा हार्मोनिक अपेक्षेहून बरीच बलवान निघाली. कारण गाळणीत नव्हते. आत जाणारी आणि बाहेर येणारी वाट एकाच रिलेत शेजारी-शेजारी असल्याने काही संकेत गाळणीतून न जाता संपर्कांवरून परस्पर उडी मारत होता. पुढच्या दाराला कुलूप आणि खिडकी सताड उघडी, असा हा प्रकार.

दुसरा दोष याहून खोल होता. या संचात संकेत आधी ४५ मेगाहर्ट्झवर नेला जातो. २८ मेगाहर्ट्झवर बोलायचे तर स्थानिक दोलक ७३ वर चालतो. ७३ मधून ४५ गेले की २८ मिळतात. मात्र मधल्या वर्धकातून ४५ ची दुप्पट, म्हणजे ९०, हीदेखील निघते. नव्वदातून ७३ वजा केले की १७ उरतात! म्हणजे बोलणारा २८ वर, आणि त्याची सावली १७ वर. ही लहर मूळ लहरीपेक्षा खालची असल्याने वरच्या लहरी अडविणारी गाळणी तिला खुशाल जाऊ देते.

जगभरच्या मालकांनी मग आपापल्या परीने उपाय शोधले. कोणी पाटीवरचे मार्ग कापून रिलेंची जोडणी बदलली, कोणी रिलेच बदलले, कोणी गाळणीची वेगळी पाटी बाहेर जोडली, तर कोणी मधल्या टप्प्यावर ४५ ची अरुंद गाळणी घातली. काही जुन्या पाट्यांवर ध्वनिवर्धकाची चिपही कमी व्होल्टची निघून फुटल्याच्या तक्रारी झाल्या आणि तीही बदलली गेली. निर्मात्याने हे सारे निमूट ऐकले असे नव्हे, तर त्यातील दोष मान्य केले आणि २०१९ मध्ये पाचव्या आवृत्तीत पाटीची मांडणीच बदलली. मोठ्या कंपनीच्या यंत्रात ग्राहकाला आराखडाही दिसत नाही. येथे ग्राहकाने दोष मोजला आणि कारखान्याने पाटी बदलली.

हिंगोलीतल्या नवशिक्याकडे प्रयोगशाळेचे महागडे उपकरण कोठून येणार, ही शंका रास्त आहे. परंतु टीव्ही ग्रहणासाठी निघालेली, संगणकाला जोडायची छोटी डोंगल आता याच कामी येते. तिच्या पडद्यावर आपल्या लहरीची सावली दिसते. पूर्ण अचूक मोजमाप ती देणार नाही. ‘काही तरी चुकते आहे’ एवढे निश्चित सांगते. मात्र प्रक्षेपकाची तार थेट तिच्यात खुपसू नये. संच अँटेनाऐवजी पन्नास ओहमच्या रोधावर चालवावा आणि डोंगल काही अंतरावर ठेवावी. अन्यथा पहिल्याच फटक्यात डोंगल निकामी होते.

कडुनिंब आणि वीस मीटर तार

एवढे सारे केल्यावर हौशी मंडळी जी गोष्ट शेवटी करतात ती खरे तर आधी करायला हवी, आणि ती म्हणजे अँटेना. ७.१ मेगाहर्ट्झसाठी साधी द्विध्रुव अँटेना सुमारे वीस मीटर लांबीची होते, प्रत्येक बाजूस दहा मीटर. तांब्याची तार, मधे जोड, दोन्ही टोकांस नायलॉनची दोरी आणि बांधायला दोन कडुनिंब. शहरात गच्चीवरच्या टाकीपासून समोरच्या खांबापर्यंतही भागते. विजेच्या तारांपासून मात्र कटाक्षाने दूर.

ती फार उंच नसावी, हे ऐकून अनेकांस आश्चर्य वाटते. पाच-सहा मीटरवर बांधलेली तार आपली बहुतेक शक्ती सरळ वर फेकते. आयनांबरातून ती पावसासारखी खाली, सभोवतालच्या तीन-चारशे किलोमीटरांच्या प्रदेशावर पडते. औंढ्याकडच्या डोंगररांगा तिच्या आड येत नाहीत, कारण ती त्यांच्या वरून येते. हिंगोलीपासून हैदराबाद हवाई अंतराने सुमारे तीनशे किलोमीटर, नागपूर सुमारे अडीचशे. पुणेही फार पलीकडे नाही. आपत्तीच्या वेळी बोलायचे ते याच शहरांशी. हातात धरायच्या वॉकीटॉकीस हे जमत नाही, तिची लहर नजरेच्या टप्प्यातच चालते. रात्री मात्र ७ मेगाहर्ट्झच्या लहरी वर जाऊन परतत नाहीत असे दिवस असतात, तेव्हा ३.५ चा पट्टा लागतो आणि एकाच पट्ट्याची बिटएक्स-४० तेथे अपुरी पडते.

शहरी घरात अँटेनाला आणखी एक शत्रू असतो. स्वस्त एलईडी दिवे, चार्जर आणि इन्व्हर्टर यांच्या गुणगुणण्यात दूरचा आवाज बुडून जातो. दुपारी भारनियमन सुरू झाले की आसपासची गुणगुण एकदम थांबते आणि कर्ण्यातून दूरदूरची केंद्रे उमटू लागतात. वीज गेल्याचा आनंद होणारा बहुधा हा एकच नागरिक असावा.

परवाना आधी

१९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने हौशी प्रक्षेपण बंद केले. तरीही १९४२ च्या चळवळीत उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून चालविलेल्या काँग्रेस रेडिओचा प्रक्षेपक उभा राहिला, तो नरिमन प्रिंटर या हौशी रेडिओतज्ज्ञाच्या हातून. सरकारला सुट्या भागांची धास्ती वाटते ती तेव्हापासूनची. आजही परवान्याविना प्रक्षेपण हा गुन्हाच आहे. केंद्रीय दूरसंचार विभागाची परीक्षा वयाच्या बाराव्या वर्षापासून देता येते. रिस्ट्रिक्टेड आणि जनरल अशा दोन श्रेणी असून, त्यांपैकी पहिलीस मोर्स संकेतांची परीक्षा नाही.

परवाना येईपर्यंत संच अर्धाच बांधावा, अशी या क्षेत्रातील रीत आहे. ग्रहणाचा भाग पुरा करायचा, शक्तिवर्धकाची जागा रिकामी सोडायची आणि ऐकत राहायचे. कोण कोणत्या वेळी बोलतो, संकेतनाम कसे उच्चारले जाते, दुसऱ्याचे बोलणे संपण्याआधी मधे पडणाऱ्यास कसे गप्प केले जाते, हे ऐकूनच कळते. भूकंपाच्या दिवशी प्रथमच बोलणारा माणूस मदतीपेक्षा अडथळाच अधिक करतो. शिवाय पलीकडे ऐकणारा कोणी तरी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी असावा लागतो. पोलिसांची बिनतारी यंत्रणा आणि प्रशासनाचे उपग्रह फोन यांची जागा घरगुती संच घेणार नाही, तसा दावा कोणी जाणता हॅम करीतही नाही.

औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा येथे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या ‘लायगो-इंडिया’ प्रकल्पास केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन बाहूंचे ते यंत्र विश्वातील सूक्ष्मतम कंपने ऐकणार आहे. त्याच जिल्ह्यात एखाद्या गच्चीवर बारा व्होल्टच्या बॅटरीवर, नेलपॉलिशने पक्की केलेल्या गुंडाळीच्या आधाराने कोणी नागपूर ऐकू पाहील, तर त्याला सकाळची वेळ बरी. सूर्य वर आल्यावर ७ मेगाहर्ट्झवर आसपासची शहरे स्पष्ट येऊ लागतात.